बदकं आली असतील का

"आता हा दिवा कुणाला दाखवतोयस? त्या मेंढीला?" पेत्रीनाने विचारलं.

इंद्रिदीने मुकाट्याने वळणाचा दिवा बंद केला. डांबरी रस्ता संपून खडीचा सुरू होत होता. पुढेमागे नजर पोचेल तिथवर एकही गाडी नव्हती, आणि वळणावर एक मेंढी दोन कोकरांना घेऊन उभी होती. ज्याने निम्मं आयुष्य रेक्याविकमध्ये एकाच मार्गावरची बस चालवण्यात काढलं, त्याचा हात वळण आलं की आपोआप दिव्याकडे जातो, त्याला तो बिचारा काय करणार? सकाळपासून त्याने दोनदा मोकळ्या रस्त्यावर गाडी हळू केली होती, तीसुद्धा कडेला खांब दिसला म्हणून. थांब्यासारखा खांब दिसला की त्याचा पाय सैल पडायचा.

"सवय आहे," तो म्हणाला.

"असू दे सवय. पण बदकं कुणासाठी थांबत नाहीत. जरा दाब."

पेत्रीना त्याची सासू. म्हणजे, होती. तिची मुलगी हाल्ला नऊ वर्षांपूर्वी त्याला सोडून कोपनहेगनला गेली, तिथे तिने दुसरा संसार थाटला, आणि कायद्याच्या हिशेबाने इंद्रिदी आणि पेत्रीना एकमेकांचे कुणी उरले नाहीत. पण या जानेवारीत म्हातारी सेल्नेसला, उत्तर किनाऱ्यावरच्या आपल्या घराच्या अंगणात बर्फावरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं, हेलिकॉप्टरने तिला राजधानीत आणावं लागलं. आणि हाल्लाने कोपनहेगनहून पहिला फोन केला तो इंद्रिदीला. "तू जवळ आहेस म्हणून म्हटलं," ती म्हणाली. इस्पितळ त्याच्या बसच्याच मार्गावर होतं. तो गेला. मग काम संपलं की रोजच जायला लागला. सोडलेल्या जावयाने सासूचे लोकरीचे मोजे धुवावेत अशी रीत जगाच्या पाठीवर कुठे नसेल, आइसलँडमध्येही नाही. पण इंद्रिदीला नाही म्हणता येत नसे आणि पेत्रीनाला आभार मानता येत नसत, त्यामुळे दोघांचं उत्तम जमलं.

आता मे अर्धा सरला होता. उत्तरेच्या किनाऱ्यावर जाणारा घाटरस्ता चारच दिवसांपूर्वी बर्फ सारून मोकळा केला होता. पेत्रीना दोन काठ्या टेकत चालायला लागली होती. आणि मायलेकींमध्ये फोनवर एक करार झाला होता, ज्याला साक्षीदार एकटा इंद्रिदी होता.

हाल्लाने वृद्धाश्रमात एक खोली धरून ठेवली होती. चांगली खोली, गरम पाण्याची, खिडकीतून गाड्यांचा तळ दिसणारी. आईने आता तिथेच राहावं, त्या टोकाच्या घरात एकटीने मरणाची वाट बघू नये, असं तिचं म्हणणं होतं. त्यात काही चूकही नव्हतं.

"एकदा जाऊन बघते," पेत्रीना म्हणाली होती. "बदकं आलेली असली तर मी तिथे राहणार. नसली तर तुझी ती खोली घेईन. चकार शब्द काढणार नाही."

"शब्द?"

"शब्द. इंद्रिदी ऐकतोय."

हाल्ला लगेच हो म्हणाली होती. सेल्नेसला वाढलेल्या पोरीला वेगळं सांगायला नको. आयडर बदकं तशी रानटी, दर्यावरची. कुणाच्या बापाची नव्हेत. पण अंडी घालायला ती माणसाच्या आडोशाला येतात, कारण माणूस असला की कोल्हा येत नाही आणि डोमकावळा लांब राहतो. मग त्यांच्या आधी माणसाने तयारीत असावं लागतं. दगडांच्या आडोशाला सुकं गवत टाकायचं, काठ्यांना रंगीत फडकी बांधायची, बुजगावणी उभी करायची, दिवसभर रेडिओ चालू ठेवायचा. बदक स्वतःच्या छातीची मऊ लव उपटून घरट्यात अंथरतं. घरच्यांनी ती उबदार रजयांसाठी हलक्या हाताने काढून घ्यायची आणि बदल्यात गवत ठेवायचं. एवढाच व्यवहार, पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. घर बंद असलं, चुलीचा धूर नसला, कुणाचा आवाज नसला, तर बदकं एक घिरटी घालतात आणि निघून जातात. एकदा निघून गेली की त्या माणसाच्या हयातीत परत येत नाहीत. आणि सेल्नेस जानेवारीपासून बंद होतं.

हे हाल्लाला जेवढं ठाऊक होतं तेवढंच पेत्रीनालाही. म्हणून तर ती सकाळपासून दिव्यावरून, खांबांवरून, गाडीतल्या पंख्यावरून इंद्रिदीला टोचत होती. भ्यालेलं माणूस एक तर गप्प बसतं, नाहीतर तोंड चालवतं. पेत्रीनाने आयुष्यात पहिला प्रकार कधी केला नव्हता.

शेवटच्या दुकानापाशी त्यांनी पेट्रोल भरलं. तिने सॉसेज घातलेला पाव खाल्ला आणि वर पिळाच्या कापण्यांची पुडी घेतली. गाडीत बसून एक कापणी मोडत ती म्हणाली, "ही बरी आहे. त्या पेत्रीनाच्या दफनानंतर दिल्या होत्या, त्या दाताने तुटेनात."

ती पेत्रीना म्हणजे खालच्या खाडीतली. इस्पितळात दोघी एकाच मजल्यावर होत्या, दोघीही उत्तर किनाऱ्याच्या, आणि दोघींच्या बापाचं नाव योन. त्या किनाऱ्यावर दगड भिरकावला तर तो कुठल्या ना कुठल्या योनलाच लागायचा, त्यामुळे यात नवल काही नव्हतं. पण नर्सबाईंचा जीव मेटाकुटीला आला होता. पेत्रीना योन्सदोत्तिर, म्हणजे योनची मुलगी, अशी हाक मारली की दोघी ओ द्यायच्या.

"तिच्या गोळ्या मला आणि माझी खीर तिला," पेत्रीना म्हणाली. "एप्रिलात ती गेली तेव्हा खीर परत यायला लागली. चांगली होती बिचारी. नुसती ऐकायची."

"तुला तर असंच माणूस लागतं," इंद्रिदी म्हणाला.

"तू मिळालास ना."

घाट चढायला लागला. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या, वरून पाणी गळत होतं आणि रस्त्याचा चिखल झाला होता. इंद्रिदी गाडी इतकी अलगद नेत होता, जणू मागे उभे प्रवासी आहेत आणि त्यातली एक म्हातारी अजून बसायची आहे. दुसऱ्या कुणाला ही सवय चीड आणती. हाल्लाला आणली होतीच. तुझ्याबरोबर राहणं म्हणजे लाल दिव्यापाशी उभं राहणं, असं ती शेवटी शेवटी म्हणायची. पण सेल्नेसला हाच मंदपणा कामी यायचा. लग्नाच्या वर्षांत दर जूनला तो रजा टाकून इथे यायचा आणि पोतं घेऊन पेत्रीनाच्या मागून घरट्यांतून फिरायचा. घाईचा माणूस दिसला की बदकं उडतात. इंद्रिदीला बघून ती नुसती जरा सरकून बसायची. शहरात त्याला रोज शेकडो लोक भेटत, पण तो आला म्हणून कुणी जागा करून देई असं ठिकाण हे एकच होतं. लग्न मोडल्याचं दुःख हळूहळू ओसरलं. जून महिना गेल्याचं ओसरलं नाही. तिथल्या छपरीत खिळ्याला त्याचा बसवाल्यांचा नारिंगी कोटही तसाच राहून गेला होता. पण एका कोटासाठी सुटलेल्या सासरी कोण जातं?

"केतिलला एक फोन करून विचारलं असतं तर?" तो म्हणाला. "बदकं आलीत का म्हणून. एवढ्या लांब येण्याआधी."

"कोण केतिल?"

"तुझा शेजारी. त्या खाडीत दुसरं घर कुणाचं आहे?"

"मला शेजारी नाही."

"आई..." नऊ वर्षांनंतरही तो तिला आईच म्हणायचा, दुसरं काय म्हणायचं ते कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

"त्या माणसाला विचारण्यापेक्षा मी या दोन काठ्यांवर चालत आले असते. माझा ओंडका पळवला त्याने!"

ओंडक्याची गोष्ट सतरा वर्षांची होती. सैबेरियाच्या नद्यांतून वाहत सुटलेली झाडं बर्फाबरोबर दर्याची सफर करून या किनाऱ्याला लागतात, आणि ज्याच्या किनाऱ्याला लागली त्याची होतात. झाडं न उगवणाऱ्या मुलखात हे म्हणजे घरी आलेलं सोनं. त्या वर्षी बोटीएवढा एक ओंडका आला आणि नेमका दोन शेतांच्या सीमेच्या दगडावर आडवा पडला: बुंधा पेत्रीनाच्या बाजूला, शेंडा केतिलच्या. बुंधा ज्याचा झाड त्याचं, असं पेत्रीनाचं म्हणणं. केतिलचं म्हणणं असं काही नव्हतंच. त्याने ती चर्चमध्ये गेलेली बघून ट्रॅक्टर आणला आणि ओंडका ओढून नेला. तेव्हापासून बोलणं बंद. जावई इंद्रिदीने तेव्हा सुचवलं होतं की मधोमध कापून घ्या. त्यावर त्या दोघांनी एकाच वेळी त्याच्याकडे अशा कीवेने बघितलं होतं, की दोघांचं त्यानंतर एकमत झालेलं ते तेवढंच.

घाटमाथ्यावर इंद्रिदीने गाडी थांबवली. खाली समुद्र पसरला होता, करडा, शांत, कडेला थोडा बर्फ अजून रेंगाळलेला. डावीकडे केतिलचं घर, उजवीकडे निमुळत्या भूशिरावर सेल्नेस. पांढरी भिंत, लाल पत्रा, अंगणात झेंड्याचा खांब.

"काय दिसतंय?" पेत्रीनाने विचारलं. तिला लांबचं नीट दिसत नव्हतं. तिने समोरच्या फळीवर दोन्ही हात घट्ट धरले होते. "पाण्यावर काही आहे का? काळं-पांढरं?"

"इतक्या लांबून नाही कळत."

"मग कळतंय काय?"

इंद्रिदीने डोळे बारीक केले. मग पुन्हा बघितलं. "झेंडा लावलाय."

"कुठे?"

"तुझ्या अंगणात."

"माझ्या? कुणी?"

इंद्रिदीला सांगावंसं वाटेना. पण बसमध्ये काय नि गाडीत काय, पुढचा थांबा ड्रायव्हरलाच सांगावा लागतो. "अर्ध्यावर आहे, आई."

त्या खाडीत दोनच चुली. झेंडा अर्ध्यावर म्हणजे कुणीतरी गेलं, आणि कोण गेलं ते शोधायला फार लांब जावं लागत नव्हतं.

"मी तर इथे बसलेय," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे केतिल."

"तसंच दिसतंय. त्याचा खांब मोडका असेल, म्हणून पाद्रीबाबांनी तुझ्याकडे लावला असेल."

"त्याचा खांब कायम मोडकाच असतो. आळशी मेला." असं म्हणाली आणि जीभ चावली. तिने पुडीतली अर्धी कापणी बाहेर काढली, बघितली, परत ठेवली. "सतरा वर्षं, इंद्रिदी. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून खोकायचा. मला कळावं म्हणून खोकायचा, की मी आलोय. मी एकदा मान वळवली असती तर काय मानेचं हाड मोडणार होतं? खुब्याचं मोडलंच ना!" आणि ती रडायला लागली, मोठ्याने, रुमाल न काढता. "आता मी भांडू कुणाशी?"

इंद्रिदीने तिच्या पाठीवर हात ठेवला. त्याच्या मनात मात्र निराळंच चाललं होतं, आणि त्याची त्याला शरम वाटत होती. सेल्नेस बंद, केतिलही गेलेला. म्हणजे अख्ख्या खाडीत वसंतभर माणसाचा आवाज नव्हता. बदकं आली असतील ही उरलीसुरली आशाही संपली. आपल्याला आता हिला घेऊन परत फिरायचंय, ही खोली घेणार आणि शब्द दिलाय म्हणून चकार शब्द काढणार नाही, आणि गप्प बसलेली पेत्रीना आपल्याला रोज बघावी लागणार.

"परत फिरायचं का?" त्याने हळूच विचारलं.

"डोकं फिरलंय का तुझं? माणूस गेलाय. त्याच्या दारात जायला नको?" तिने बाहीने नाक पुसलं. "चल. आणि आता हवा तेवढा हळू चालव."

ते खाली उतरले. वाकडं वळण संपून सेल्नेसचं फाटक दिसलं, आणि इंद्रिदीने ब्रेक इतका जोरात दाबला, की आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या गाडीतली म्हातारी पुढे आपटता आपटता वाचली.

फाटकात केतिल उभा होता. काळा कोट, पांढरा शर्ट, गळ्याला टाय, पायांत मात्र रबरी बूट. टोपी काढून छातीशी धरली होती आणि मान खाली. गाडी थांबली तशी त्याने मान वर केली, पण पुढे नाही बघितलं. तो हळूहळू चालत गाडीच्या मागच्या बाजूला गेला आणि काचेतून आत डोकावला. तिथे पेत्रीनाची गादीची वळकटी आणि कॉफीची पिशवी होती. तो गोंधळून पुढच्या खिडकीशी आला.

पेत्रीनाने काच खाली केली.

"तू मेला नाहीस?" ती म्हणाली.

केतिलच्या हातातली टोपी चिखलात पडली. "मी? मी कशाला मरू? मेलीस तू!"

"मी?"

"रेडिओवर सांगितलं. दुपारच्या बातम्यांआधी, गेलेल्यांची नावं वाचतात तेव्हा. एप्रिलात. पेत्रीना योन्सदोत्तिर, मूळची उत्तर किनाऱ्याची, दीर्घ आजारानंतर."

"ती खालच्या खाडीतली पेत्रीना! मी तिच्या दफनाला जाऊन कापण्या खाऊन आले!"

"ते त्यांनी नाही सांगितलं," केतिल म्हणाला. त्याने खाली वाकून टोपी उचलली, चिखल झटकला. "रस्ता उघडला, म्हटलं आता तुला घेऊन येतील. पुरायला इथेच आणणार, दुसरीकडे कुठे नेतात? चार दिवस झाले हा कोट घालून बसलोय. गायीची धारसुद्धा काढली या कोटात."

इंद्रिदीला हसू फुटलं, ते दाबता दाबता ठसका लागला. पेत्रीनाने त्याच्याकडे एकदा जळजळीत बघितलं, आणि तिचं तिलाच आवरेना. ती इतकी हसली, की दुखऱ्या खुब्याला हात लावून "अगं आई गं" म्हणत राहिली. केतिल मात्र हसला नाही. तो खिडकीची कड धरून नुसता तिच्याकडे बघत होता, माणूस नक्की तेच आहे ना अशी खात्री करत असल्यासारखा.

"आणि माझ्या अंगणात पाय ठेवायला तुला लाज नाही वाटली?" तिने हसणं आवरून विचारलं.

"मेलेल्याच्या अंगणात जायला परवानगी लागत नाही."

"आणि जिवंत असते तर?"

"जिवंत असतीस तर माझा अंगठासुद्धा त्या दगडापलीकडे पडला नसता. तुला ठाऊक आहे."

तिला ठाऊक होतं. जे विचारायचं होतं ते तिच्या ओठांवर होतं, पण विचारवत नव्हतं. इंद्रिदीने तिच्याऐवजी विचारलं.

"बदकं?"

"इंजिन बंद कर की," केतिल म्हणाला. "कान नाहीत का तुला?"

इंद्रिदीने किल्ली फिरवली. आधी आला रेडिओचा आवाज, कुठूनतरी दगडांमागून, मासेमारीच्या बोटींना वाऱ्याचा अंदाज सांगणारा. आणि त्याच्याखाली, किनाऱ्यावरून, पाण्यावरून, गवतातून, सगळीकडून: आऽऊ, आऽऊऽऽ. शेजारणीच्या सुनेची काही खास बातमी कळावी आणि पाणवठ्यावरच्या सगळ्या बायकांनी एकदम तोंडाला हात लावावा, तसा तो आवाज. नर बदकं पाण्यात होती आणि माद्या गवतात बसल्या होत्या. आली होती. सगळी आली होती.

पेत्रीनाने डोळे मिटले. मघाशी केतिलसाठी रडली होती तशी मोठ्याने नाही, या वेळी ती आवाज न करता रडली. इंद्रिदीने सीटवर मान टेकली. जानेवारीपासून आपण खांदे वर ओढून बसलो होतो हे त्याला आत्ता कळलं, ते खाली आले तेव्हा.

"म्हटलं, ती गेली," केतिल काठाकडे बघत म्हणाला. "पण बदकांना कुणी सांगावं? त्यांचा काय गुन्हा? ती आपली वेळेवर येणार. मग गवत टाकलं, फडकी बांधली. तुझा रेडिओ छपरीत होता, नवीन बॅटरी घातली. कोल्हा एकदा आला होता, त्याला उडवला. सगळं तुझ्यासारखंच केलंय. सतरा वर्षं दुर्बिणीतून बघतोय, तेवढं तर येणारच."

"दुर्बिणीतून बघायचास?"

"दुसरं बघण्यासारखं या खाडीत आहे काय?"

पेत्रीना एकदम लालबुंद झाली. ऐंशीच्या घरातल्या बाईला लाजताना इंद्रिदीने पहिल्यांदाच बघितलं, आणि तो सभ्यपणे दुसरीकडे वळला. ती मग उतरायची खटपट करायला लागली. एका काठीला इंद्रिदी, दुसऱ्या काठीला केतिल, असे तिघं अंगणात आले. दाराशी भिंतीला टेकवून काहीतरी उभं होतं, त्यावर पोतं टाकलेलं. केतिल त्याच्यापुढे आडवा उभा राहायला बघत होता.

"काय आहे ते?"

"काही नाही."

"काढ पोतं."

त्याने पोतं काढलं. खाली एक रुंद फळी होती, लालसर लाकडाची, रंधा मारून गुळगुळीत केलेली, वरचा भाग गोल. कबरीच्या माथ्याशी लावायची फळी. पेत्रीना योन्सदोत्तिर, सेल्नेस, अशी अक्षरं खोल कोरलेली होती. खाली जन्माचं साल आणि मरणाचं साल. मरणाचं साल चालू वर्षाचं होतं.

हे मात्र तिला सोसणार नाही असं इंद्रिदीला वाटलं. पण पेत्रीनाने एक काठी त्याच्याकडे दिली, फळीवर अंगठा टेकवला आणि अक्षरांतून, कडेवरून, लाकडाच्या रेषांवरून फिरवत राहिली.

"हे तेच लाकूड."

"तेच."

"सतरा वर्षं वापरलं नाहीस?"

"कशाला लावायचं ते कळत नव्हतं," केतिल म्हणाला.

"कुठल्या बाजूचं आहे?"

केतिलने आधी इंद्रिदीकडे बघितलं, मग समुद्राकडे. "बुंध्याकडचं," तो पुटपुटला. "तुझ्या बाजूचं."

म्हणजे बुंधा तिचा होता. एवढं ऐकायला पेत्रीनाने सतरा हिवाळे काढले होते. आता ही त्याला चांगलीच फैलावर घेणार, म्हणून इंद्रिदी सावरून उभा राहिला. पण तिने नुसती मान डोलवली.

"अक्षर चांगलं आहे तुझं. मला माहीत नव्हतं." मग ती म्हणाली, "हे शेवटचं साल खरवडून टाक. बाकी राहू दे. लागेलच कधीतरी. छपरीत कोरड्यात ठेव."

"आणि झेंडा? उतरवतो."

"उतरवतोस काय? दफन झाल्यावर काय करतात? वर चढवतात. चढव."

केतिलने दोरी सोडली. काळ्या कोटातला तो ओणवा म्हातारा हातावर हात टाकत दोरी ओढत राहिला, आणि झेंडा खांबाच्या टोकाला जाऊन वाऱ्यावर फडफडला. पेत्रीना काठ्यांवर भार टाकून सरळ उभी राहून बघत होती. स्वतःच्या दफनानंतरचा झेंडा किती जणांना बघायला मिळतो?

"मी घाटावर जाऊन हाल्लाला फोन करतो," इंद्रिदी म्हणाला. "मोबाइल तिथेच लागतो. साक्षीदार मीच आहे."

"साक्षीदाराने आधी बघून यावं. नुसत्या आवाजावर ती माझी लेक विश्वास ठेवायची नाही. मला दगडांतून या काठ्यांनी जाता यायचं नाही, आणि जूनमध्ये लव काढायला वाकताही यायचं नाही." ती थांबली. तिला आभार मानता येत नसत तसं मागताही येत नसे. "तुझी रजा शिल्लक असेल तर."

"नऊ वर्षांची शिल्लक आहे," तो म्हणाला. "पण मला बघून उडाली तर? आत्ताच बसलीत ती. उठली आणि अंडी गार झाली तर? मी त्यांना परका आहे आता."

"कोट घालून जा."

"कुठला कोट?"

केतिलने हनुवटीने खाली दाखवलं. गवत सुरू होतं तिथे, पहिल्या घरट्यांच्या अलीकडे, एका काठीवर आडवी काठी बांधून त्याला कोट चढवला होता. ऊन-वाऱ्याने त्याचा रंग पिकल्या पानासारखा झाला होता, पण कधीकाळी तो नारिंगी होता. पाठीवर बसवाल्यांचा पांढरा पट्टा अजून दिसत होता.

"तू गेलास, कोट राहिला," पेत्रीना झेंड्याकडे बघत म्हणाली. "बदकांना त्याची सवय झालेली. आता त्यांना घटस्फोट कुणी समजावून सांगायचा? म्हणून दर वसंतात लावत आले."

"मीही तिथेच लावला," केतिल म्हणाला. "जागा बदलली नाही."

"दोन हात डावीकडे गेलाय," पेत्रीना म्हणाली.

"मुळीच नाही."

"मला शिकवतोस? तुझं शेत कुठे संपतं ते तरी तुला नीट ठाऊक आहे का?"

त्यांचं सुरू झालं. सतरा वर्षांचं साठलेलं होतं, आता ते अंधार पडेपर्यंत पुरणार होतं, आणि मे महिन्यात तिथे धड अंधारही पडत नाही. इंद्रिदी उतारावरून खाली गेला. काठीवरून त्याने कोट काढला. तो मिठाने ताठ झाला होता, त्याला दर्याचा वास येत होता आणि पोटावर तो आता बसत नव्हता. त्याने तो उघडाच ठेवला. मग गवतात पहिलं पाऊल टाकलं, मग थांबला, मग दुसरं, मागे म्हातारी माणसं उभी असताना बस थांब्यावरून काढतात तसं.

पायाजवळच्या दगडाआड एक तपकिरी बदक बसलं होतं. त्याने मान वर करून एका डोळ्याने कोटाकडे बघितलं. बदक जरासं सरकून बसलं आणि त्याने मान परत पंखात घातली. पुढचंही बसून राहिलं. त्याच्या पुढचंही.

तो चालत गेला, पार पाण्यापर्यंत. एकही उठलं नाही.